जावयाची मिशी

सिनेमा बघायला मडिवाळप्पांनी अख्खी जिल्हा निर्मिती कृती समिती बोलावली, ही पहिली चूक. दुसरी चूक अशी की, सिनेमा त्यांनी स्वतः आधी बघितला नव्हता.

त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि उदगीरला तेही येत नव्हतं. बसस्टँडजवळच्या टॉकीजच्या मालकानं रविवारचा दुपारचा खेळ मडिवाळप्पांना फुकट दिला, पण एक अट घातली. पाणी नसल्यामुळं मुतारी बंद राहील, मंडळींनी घरूनच उरकून यावं. मडिवाळप्पांनी ही अट प्रत्येक सदस्याला फोन करून गंभीरपणे कळवली. त्यांना अशा कामाची सवय होती. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यांनी आपल्या पाइप-मोटारीच्या दुकानासमोर पेढे वाटले होते, आणि पुढचं सगळं आयुष्य उदगीर त्या लातूरपासून वेगळा जिल्हा व्हावा म्हणून अर्ज करण्यात घातलं होतं. समितीचे ते अध्यक्ष होते. यंदा नक्की जाहीर होणार, असं यंदाही सगळे म्हणत होते. सोमवारी शिष्टमंडळ मुंबईला निघायचं होतं. त्याआधी मंडळींचं मन जरा मोकळं व्हावं आणि आपला पोरगा वाया गेलेला नाही हे गावाला दिसावं, असे दोन हेतू मडिवाळप्पांनी एका खेळात बसवले होते.

पोरगा म्हणजे शिवलिंग. इंजिनिअर व्हायला पुण्याला गेला आणि सिनेमा काढून परत आला. सिनेमाचं नाव ‘कोरडा बोअर’. विनोदी आहे, दोन मित्रांची गोष्ट आहे, एवढंच त्यानं घरात सांगितलं होतं. मडिवाळप्पांनी त्याला दोन प्रश्न विचारले होते. उदगीर दिसतं का? तर दिसतं, किल्ल्यासकट. घाणेरडं काही आहे का? त्यावर शिवलिंग थोडा थांबून म्हणाला होता की, शेवटपर्यंत सगळ्यांच्या अंगावर कपडे आहेत. मडिवाळप्पांना हे उत्तर पुरलं.

मुखेडहून लेक शिवकांता आणि जावई मन्मथ पोरीला घेऊन सकाळच्या बसनं आले होते. मन्मथचं मुखेडच्या बाजारात मोटर रिवाइंडिंगचं दुकान. तो आणि शिवलिंग शाळेत एका बाकावर बसलेले, आणि धाकट्या बहिणीचं त्याच्याशी लग्न शिवलिंगानंच जमवलेलं. चारचौघांत शिवलिंग त्याला दाजी म्हणे आणि दोघंच असले की मन्म्या.

पडदा उजळला आणि किल्ला दिसला तेव्हा समितीनं टाळ्या वाजवल्या. शिवकांता मधल्या रांगेत बसली होती, एका बाजूला आई गुरम्मा, दुसऱ्या बाजूला नवरा. सुरुवातीचा अर्धा तास ती मनापासून हसली. मग तिचं हसू हळूहळू बारीक झालं. पडद्यावरच्या दोन मित्रांपैकी एकाचं मोटारीचं दुकान होतं. त्याला टोकाशी खाली वळलेली मिशी होती. बोलण्याआधी तो हात फडक्याला पुसायचा, हात स्वच्छ असले तरी पुसायचा. आणि कुणी काहीही विचारलं, मोटर बिघडली म्हणो की बायको रुसली म्हणो, तो एकच म्हणायचा, “बघू, उघडून बघू.”

शिवकांतानं शेजारी पाहिलं. मन्मथ मिशीला हात लावून हसत होता.

मध्यंतराच्या जरा आधी तो मिशीवाला आपल्या मित्राला बोअरच्या गाडीजवळ घेऊन बसला, हात पुसले, आणि म्हणाला की मला बाया आवडत नाहीत, कधीच आवडल्या नाहीत, मला पुरुष आवडतात. मित्रानं विचार न करता उत्तर दिलं, “मला तरी बाया कुठं आवडतेत? पर करावं लागतंय की.” टॉकीज हसून लोटपोट झालं. मग मित्राच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याची धांदल सुरू झाली. त्यानं मिशीवाल्याला तालमीत नेलं. दुधात कच्ची अंडी फोडून पाजली. नट्यांची चित्रं भिंतीला डकवून त्याच्यासमोर बसवलं. शेवटी एका खाटेवर झोपायचं बंद केलं, आणि पुन्हा स्वतःच रुसून विचारायला गेला की, एवढी वर्षं एका पांघरुणात काढली, मग मीच तेवढा कसा आवडलो नाही?

सगळ्यांत मोठ्यानं मन्मथ हसत होता. तो त्या येड्या मित्राला हसत होता, कारण ते सगळं येडेपण त्याला आतून ओळखीचं वाटत होतं. मिशीकडं त्याचं लक्षच नव्हतं. आपल्या पुढच्या रांगेतली डोकी एकेक करून मागं वळताहेत आणि आपल्या हसण्याकडं काळजीनं बघताहेत, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. बसलिंगप्पा, समितीचे उपाध्यक्ष, चष्मा काढून, पुसून, परत लावून वळले होते. तेव्हा मन्मथनं पडद्यावरच्या मिशीकडं नीट पाहिलं आणि स्वतःच्या मिशीवरचा हात खाली घेतला.

त्यानं शिवलिंगाला शोधलं. शिवलिंग मघापर्यंत दाराशी उभा होता. आता तिथं नव्हता.

जेवण दुकानावरच्या माडीत होतं. भांडी घासायला पाणी नाही म्हणून पत्रावळ्या मांडल्या होत्या. समितीच्या मंडळींनी मान खाली घालून पुरणपोळ्या खाल्ल्या, तुपाची तारीफ केली, मुंबईच्या गाडीची वेळ दोनदा पक्की केली. सिनेमाबद्दल एकटे बसलिंगप्पा बोलले. ते म्हणाले, विषय नवीन आहे. मग सगळे भराभर उठले आणि मडिवाळप्पांचा हात हातात घेऊन, मयताला आल्यासारखा दाबून, निघून गेले.

उरले घरचे. शिवलिंग अजून आला नव्हता. टॉकीजमध्ये काहीतरी आवरतोय, असा त्याचा फोन होता.

सूत्रं धोंडप्पांनी हातात घेतली. धोंडप्पा मडिवाळप्पांचे धाकटे भाऊ, घरातला कुठलाही मसला त्यांच्याशिवाय सुटत नसे आणि बहुतेक त्यांच्यामुळंच वाढत असे. अडचण अशी होती की जावयाला असलं काही तोंडावर विचारायची रीत नाही. त्यामुळं धोंडप्पांनी लांबून सुरुवात केली. तब्येत कशी आहे? दुकान कसं आहे? झोप लागते का? मुखेडला मित्रमंडळ कसं आहे? तालमीत वगैरे जाणं होतं का? मन्मथनं सगळ्याला बरं आहे असं सांगितलं. तालमीत जात नाही म्हणाला. धोंडप्पांनी मोठ्या भावाकडं असं पाहिलं, जणू पुरावा मिळाला.

मन्मथला सगळं कळत होतं. एक वाक्य बोललं की तो सुटत होता. मामा, मी न्हाई, तुमचा पोरगा. एवढंच. पण हे वाक्य त्याचं नव्हतं.

चार वर्षांमागं नायगावच्या स्टँडवर बस पंक्चर होऊन उभी होती. दोघं एका लग्नाहून परतत होते. तिथं चहाच्या टपरीशी शिवलिंगानं त्याला सांगितलं होतं, आणि मन्मथनं विचार न करता तेच उत्तर दिलं होतं ज्याच्यावर आज टॉकीज लोटपोट झालं. पुढचं येडेपणही त्याचंच. तालीम त्याची, अंडी त्याची, रुसून विचारलेला तो प्रश्नही त्याचाच. महिनाभर तो शिवलिंगाशी बोलला नव्हता. मग एके दिवशी आपोआप बोलायला लागला, कारण दुसरं कुणाशी बोलण्यात मजा येत नव्हती. माझ्या तोंडून हे कुठं जाणार नाही, असं त्यानं सांगितलं होतं. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आता शिवलिंगानं दोघांची अदलाबदल करून टाकली होती. आपलं गुपित मन्मथच्या मिशीला लावलं होतं आणि मन्मथचं येडेपण स्वतःकडं घेतलं होतं. मन्मथला राग आला होता. कशाचा जास्त आला हे त्याला ठरवता येत नव्हतं. लोक एवढे हसले ते वाक्य आपलं होतं आणि हे कुणाला कधीच कळणार नाही, याचाही त्यात थोडा भाग होता.

धोंडप्पांनी मडिवाळप्पांना गॅलरीत बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की शिवकांताला आणि पोरीला सध्या इथंच ठेवून घ्यावं, जावयाचा मान ठेवून, काही न बोलता, त्याला एकट्याला पाठवावं, आणि व्याह्यांशी बोलणं जिल्हा जाहीर झाल्यावर करावं. मडिवाळप्पांना पहिल्या दोन गोष्टी अवघड वाटल्या, तिसरी मात्र लगेच पटली. घरातला कुठलाही कठीण विषय ते जिल्हा झाल्यावर बघू म्हणून ठेवत आले होते. जिल्हा झाला की मोठा दवाखाना येणार होता, आणि मोठ्या दवाखान्यात असल्या गोष्टी बघणारा डॉक्टर असणारच, असं ते म्हणाले. धोंडप्पा म्हणाले, जिल्ह्याला तसलं पद मंजूर असतं.

आत स्वयंपाकघरात गुरम्मा लेकीला तेच विचारत होती, पण बायकांच्या वाटेनं. ती म्हणाली, बाई, तुझं सगळं सुरळीत हाय न्हवं? शिवकांता म्हणाली, हाय. गुरम्मा म्हणाली की पुरुषमाणूस लपवून ठेवतो. शिवकांता म्हणाली, आव्वा, माझा नवरा मला वाढदिवसाची साडी आणली तर दारातून आत येईपर्यंतसुद्धा लपवू शकत न्हाई.

हे बोलताना पत्रावळ्या गोळा करणारा तिचा हात थांबला. तिला नवऱ्याबद्दल शंका नव्हती. पण नवऱ्याचं नसेल तर हे सगळं शिवलिंगाला सुचलं कुठून, हा प्रश्न होता. पडद्यावर दाखवलं तसं, सांगताना समोरच्याच्या हाताकडं बघून बोलावं लागतं, हे असं बारीक माणूस मनानं रचत नाही. भावानं नाकारलेल्या मुली तिच्या डोळ्यांसमोर आल्या. निलंग्याची बुटकी म्हणून, देगलूरची उंच म्हणून. एक होती ती त्याच्याच उंचीची होती, तिला तो म्हणाला होता की फारच शिकलेली आहे.

ती जिन्यात गेली. मन्मथ पाण्याच्या रिकाम्या टाकीला टेकून बसला होता.

“तुम्हाला कवापासून माहीत हाय?” तिनं विचारलं.

त्यानं शर्टाला हात पुसले. “काय?”

“उघडून बघू नका. सांगा.”

त्यानं रिकाम्या टाकीचा नळ उघडून परत बंद केला, आणि तेच उत्तर होतं. शिवकांता पायरीवर बसली. खाली रस्त्यावर कुणीतरी टँकर कुठल्या गल्लीत गेला ते विचारत होतं. ती म्हणाली की हे लोक मला इथं ठेवून घ्यायचा बेत करताहेत, टाकलेल्या बाईसारखी, आणि तुम्ही गप्प बसणार आहात का?

“त्यानं बोलंपर्यंत मी बोलत नसतो.”

“माझा भाऊ हाय त्यो.”

“तुझा भाऊ हाय. पर माझा दोस्त आधी हाय.”

तिला हे आवडलं नाही. एवढी वर्षं तिच्या शेजारी झोपून या माणसानं एवढं मोठं पोटात ठेवलं, हे तर मुळीच आवडलं नाही. पण आईला मघाशी जे ठामपणे सांगितलं ते खोटं निघालं, याचा तिला सगळ्यांत जास्त राग आला.

शिवलिंग टॉकीजच्या बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून होता. त्यानं ही अदलाबदल केली तेव्हा त्याला ती फार हुशारीची वाटली होती. स्वतःला स्वतःच्या जागी ठेवलं असतं तर घरच्यांनी पहिल्याच दृश्यात ओळखलं असतं. मन्मथला कोण ओळखणार? मिशी काय, निम्म्या मराठवाड्याला आहे. नटाला मन्मथच्या सवयी त्यानंच करून दाखवल्या होत्या, आणि त्या इतक्या जमतील असं त्याला वाटलं नव्हतं. अंधारात आपलं गाव आपल्या मित्राकडं मान वळवून बघतंय, हे त्यानं दाराशी उभं राहून पाहिलं, आणि तो बाहेर पडला. बाहेर पडला म्हणजे पळाला. तो शब्द त्यानं बाकावर बसून स्वतःशी मान्य केला.

तो घरी आला तेव्हा माडीत सगळे बसले होते. धोंडप्पा उठून त्याच्याजवळ गेले.

“शिवलिंगा, तू शहाणपण केलास,” ते म्हणाले. “तोंडानं सांगायसारखं नव्हतं. सिनेमाच्या निमित्तानं सांगितलास. बहिणीची फिकीर केलास.”

शिवलिंगाला आधी काहीच कळलं नाही. मग मडिवाळप्पा आले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. हा हात पाठीवर शेवटचा कधी आला होता, हे त्याला आठवेना.

“मला वाटायचं तू वाया गेलास,” मडिवाळप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून कुणाची तारीफ याहून मोठी कधी निघाली नव्हती.

शिवलिंगानं मन्मथकडं पाहिलं. मन्मथ पंख्याच्या बटनाकडं बघत होता, कुठं वायर सैल आहे का ते बघावं तसा. शिवकांता मात्र भावाकडंच बघत होती आणि डोळे हलवत नव्हती.

त्या क्षणी शिवलिंगाला गप्प बसता आलं असतं. हे त्यानं पुढं मन्मथला कबूल केलं की, दोन-तीन श्वास तो गप्प बसलाच होता, आणि पाठीवरचा हात चांगला वाटत होता. धोंडप्पा मन्मथला आदरानं सांगत होते की पाचच्या बसला गर्दी नसते, शिवकांता चार दिवस आईजवळ राहील, पोरीची शाळा काय पुढं बघता येईल. मन्मथनं सगळं ऐकून घेतलं. तो उठला, टोपी घेतली, सासूच्या पायाला हात लावला.

“येतो मामा,” तो मडिवाळप्पांना म्हणाला.

“अप्पा,” शिवलिंग म्हणाला, “दाजी न्हाईत तसे. मी हाय.”

पहिले बोलले ते धोंडप्पा, आणि त्यांनी पुराव्याला धरून विचारलं, “सिनेमात तर तसं न्हाई.”

“सिनेमात मी उलटं केलं.”

“कामून?”

“भ्यालो.”

मडिवाळप्पांचा हात अजून पाठीवर होता. तो काढावा की ठेवावा हे त्यांना ठरवता आलं नाही, म्हणून थोडा वेळ तो तसाच राहिला. मग ते खाली बसले. शिवलिंग उभ्यानंच बोलत गेला. हे आजचं नाही, शाळेपासून आहे, मुली यासाठीच नाकारल्या, मन्मथला नायगावला सांगितलं, त्यानं चार वर्षं शब्द राखला. बरं होण्यासारखं यात काही नाही, कारण हा आजार नाही, असंही त्यानं सांगितलं. हे वाक्य त्यानं मनात पुष्कळदा म्हणून ठेवलं होतं, त्यामुळं ते बाकीच्यापेक्षा जरा शुद्ध आलं.

गुरम्मानं पदर तोंडाला लावला होता. ती काय म्हणेल याची सगळे वाट बघत होते.

“म्हंजे ती अंडी,” ती म्हणाली, “तुला पाजली ती?”

“हाव, आव्वा.”

“कुणी?”

शिवलिंग पंख्याकडं बघू लागला. पण उलटं सुलट करून बघायला गुरम्माला फार वेळ लागला नाही. तिनं जावयाकडं मान वळवली. दुपारपासून पहिल्यांदा मन्मथनं मान खाली घातली.

“गळ्यात लिंग बांधलेल्या माझ्या लेकराला,” गुरम्मा म्हणाली, “कच्ची अंडी.”

“मामी, दुधात घालून दिली,” मन्मथ म्हणाला, आणि बोलल्यावर त्याला कळलं की यानं काही सुधारलं नाही.

गुरम्मा रडू लागली. ती अंड्यांसाठी रडत नव्हती हे सगळ्यांना कळत होतं. पण दुसऱ्या गोष्टीला तिच्याजवळ शब्द नव्हता आणि अंड्याला होता. ती रडत असताना शिवलिंग तिच्या शेजारी जाऊन बसला आणि तिनं त्याला बसू दिलं. त्याच्या मनगटाला धरून ती बराच वेळ विचारत राहिली, किती अंडी, किती दिवस, उलटी झाली का, आणि तो एकेकाचं उत्तर देत राहिला.

तेवढ्यात मडिवाळप्पांचा फोन वाजला. बसलिंगप्पांचा होता. मडिवाळप्पांनी तो उचलला नाही. धोंडप्पा पुढं सरकले. त्यांच्या डोक्यात एव्हाना नवी व्यवस्था तयार झाली होती.

ते हळू आवाजात म्हणाले की गावाला जावयाचंच वाटलं आहे, तर वाटू द्यावं. पोरगा आपल्या घरात राहतो, जावई मुखेडला. मुखेड नांदेड जिल्ह्यात येतं. समितीचा आणि नांदेड जिल्ह्याचा काही संबंध नाही. अध्यक्षांच्या घराला डाग लागत नाही.

मन्मथ दारात टोपी हातात धरून उभा होता. त्यानं हे ऐकलं, आणि शिवकांतानंही ऐकलं. ती काही बोलायला उठली, पण मडिवाळप्पांनी हात वर केला.

“धोंडप्पा,” ते म्हणाले, “आपल्या नकाशात मुखेड कुठं हाय?”

धोंडप्पा मागं सरकले. समितीच्या नकाशात होणाऱ्या नव्या जिल्ह्याची हद्द मुखेडला पोटात घेत होती. ती तशी ओढावी म्हणून धोंडप्पाच तीन सभांत भांडले होते.

फोन परत वाजू लागला. मडिवाळप्पा त्याच्याकडं बघत राहिले. समितीत ते अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचे, मंत्र्यासमोर उभं राहून कैफियत मांडायचे, पण आता त्यांच्या ओठांची नुसती हालचाल होत होती. शेवटी त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडून बसलिंगप्पा बरंच बोलले. ते सहानुभूतीनं बोलत होते हे माडीभर ऐकू येत होतं. जावई शेवटी परक्याचं पोर, आपण काय करणार, असं काहीतरी.

“जावयाचं न्हाई,” मडिवाळप्पा म्हणाले.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“माझ्या पोराचं हाय ते. शिवलिंगाचं. जावयाचा त्यात काही कसूर न्हाई. उद्या मी स्टेशनावर येतो. अध्यक्ष ठेवायचा का न्हाई ते तुम्ही मंडळी बघा.”

फोन ठेवून त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला आणि शिवकांताला म्हणाले की पोरीला तयार कर, बस जाईल.

बसस्टँडवर सोडायला मडिवाळप्पा स्वतः आले. पिशवी शिवलिंगानं घेतली होती. शिवकांता खिडकीशी बसली, पोरीला मांडीवर घेतलं, आणि भावाला म्हणाली, “मला सांगायचं होतास.” तो म्हणाला, हाव. ती म्हणाली की मी तुम्हा दोघांवर अजून रागावलेली आहे, आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

मन्मथ बसच्या दारापाशी उभा होता. मडिवाळप्पा जरा दूर, वेळापत्रकाच्या फळीसमोर उभे राहून ते वाचू लागले.

“मन्म्या, चुकलं,” शिवलिंग म्हणाला.

“चार वरीस मी बायकोपासून लपवलो. तू एका दुपारी अख्ख्या उदगीरला दाखवलास. तेबी माझ्या मिशीला लावून.”

“हाव.”

“आन आता अंडी माझ्या अंगावर आलीत. मामी मरंस्तोवर माझ्याकडं सरळ बघणार न्हाई.”

“सिनेमात मी ती माझ्या अंगावर घेतली होती.”

मन्मथनं विचार केला. “तेवढं एक बरं केला होतास,” तो म्हणाला. मग त्याला हसू आलं, आणि हसायचं नव्हतं म्हणून त्यानं मिशीवर हात ठेवला. कंडक्टरनं घंटी मारली. मन्मथ पायरीवर चढला आणि वळून म्हणाला की बायांच्या त्या वाक्याला लोक लई हसले, आणि ते माझं होतं, हे निदान त्या नटाला तरी सांग. शिवलिंग म्हणाला, सांगतो. बस धूळ उडवत मुखेडच्या रस्त्याला लागली.

बाप-लेक पायी परत निघाले. मडिवाळप्पा पुढं, शिवलिंग दोन पावलं मागं, नेहमीसारखे. रिकाम्या घागरींची रांग ओलांडून, बंद दुकानांपुढून ते चालत राहिले. ओळखीच्या दोघांनी नमस्कार केला. मडिवाळप्पांनी दोघांनाही उत्तर दिलं. चौकाच्या जरा अलीकडं ते थांबले. शिवलिंग त्यांच्या बरोबरीला आला.

“सिनेमात बापाचं काम केलाय तो माणूस कोण?”

“पुण्याचे एक हायत. बँकेतून रिटायर झालेले.”

“लई रडतोय त्यो.”

“हाव.”

“पोरानं सांगितल्यावर गळ्यात पडून रडतोय.” मडिवाळप्पा थोडं चालले आणि परत थांबले. “मी कवा रडलो का?”

“न्हाई अप्पा.”

“मग तसं कामून दाखवलास?”

“मला तसं पाहिजे होतं,” तो म्हणाला.

मडिवाळप्पांनी मान हलवली, एखाद्या अर्जातली मागणी वाचून हलवावी तशी. मग त्यांनी लेकाकडं न बघता सांगितलं की पुढचा सिनेमा काढशील तेव्हा आधी मला वाचून दाखव, आणि ते चालू लागले. या वेळी शिवलिंग मागं राहिला नाही, आणि त्यांनीही पाऊल वाढवलं नाही.